शब्द तीनवर, टाळ्या आठवर

लॅमिंग्टन रोडला माझं टेबल होतं. दुकान नव्हे, टेबल,
दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर.
तिथे एकाहत्तर साली
माझगावची चार पोरं फुटका अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आली.
ग्लॅडविन गाणारा, केर्सास्प ड्रमवाला, गिटारवाला ऑस्विन
आणि हबीब, जो बेस वाजवायचा आणि बोलायचा नाही.
अ‍ॅम्प्लिफायर मी जोडून दिला.
पैसे नव्हते, म्हणून त्यांनी मलाच उचलून नेलं.

अकरा वर्षं मी त्यांच्या वायरी गुंडाळल्या.
मला इंग्रजी यायचं ते बटणांवरचं तेवढंच:
व्हॉल्यूम, ट्रेबल, बास, ऑफ.

सगळ्यात शेवटी ते ‘मंगळवारचे बूट’ वाजवायचे.
हबीब एक शिट्टी घालायचा, पोस्टमनच्या सायकलसारखी,
मग केर्सास्प असा काही सुटायचा
की चर्चच्या हॉलमधल्या खुर्च्या
कुणी न सांगता भिंतीला लागायच्या.
म्हाताऱ्या बायका पर्स काखेत दाबून नाचायच्या.
माझ्या मीटरची सुई, तीसुद्धा.

आणि दर वेळी, सुरू करायच्या आधी,
ग्लॅडविन वाकून कानात सांगायचा:
शब्द तीनवर ठेव. टाळ्या आठवर.
एकदा मी म्हटलं, अरे, गाणाऱ्याचेच शब्द मागे?
तो म्हणाला, वायरमन, लोकांना नाचायचंय.
मी बटण फिरवलं.
माझं काम बटणाचं.

वैजू पाळण्यात होती तेव्हा मी तिला तेच गुणगुणायचो.
झोपायची नाही. पाय उडवायची.

दहा वर्षांची झाली. इंग्रजी शाळेत घातलेली.
एका दुपारी टेपरेकॉर्डर थांबवत, पुढे सोडत, पुन्हा थांबवत
तिनं कॅलेंडरच्या पाठीवर अख्खं गाणं उतरवून काढलं
आणि मला मराठीत वाचून दाखवलं:

बाबा, यातला माणूस बुटांना पॉलिश करतो.
किल्ली शेजारणीकडे देतो, म्हणतो, आज उशीर होईल.
मांजरीला दूध ठेवतो. घड्याळाला चावी देतो.
मग धक्क्याच्या टोकाला जातो,
बूट काढून जोडीनं ठेवतो, टाचा पाण्याकडे.
मग सगळे म्हणतात, बघा कसे चमकतात, बघा कसे चमकतात.
मग टाळ्या.

आणि नंतर?
नंतर माणूस नाहीच आहे, बाबा. नुसते बूट आहेत.

कुमुद तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली,
त्यात एवढं काय?
भोंडल्यात आम्ही फेर धरून काय गात होतो?
सासू मारते, नवरा विचारत नाही, माहेर लांब.
आणि शेवटी ओरडायचं, खिरापत ओळखा!
असं म्हणून तिनं एक खडा बाजूला टाकला.

पुढे बँड मोडला. केर्सास्प गेला.
बऱ्याच वर्षांनी माझगावच्या त्याच हॉलमध्ये
उरलेले तिघे पुन्हा एकदा उभे राहिले,
ग्लॅडविनचे केस रंगवलेले, ड्रमवर केर्सास्पचा भाचा.
शेवटचं गाणं.
त्याच्यानं आता वाकवत नव्हतं, त्यानं लांबून तीन बोटं दाखवली.

मी शब्द आठवर नेले.

वाटलं होतं, हॉल थांबेल.
कुणीतरी खुर्ची ओढून बसेल, कुणीतरी तोंडावर हात ठेवेल.
पण पहिल्याच ओळीला सगळ्यांनी तोंड उघडलं.
किल्ली, मांजर, घड्याळ, सगळं पाठ होतं त्यांना,
पर्सवाल्या बायकांना तर ग्लॅडविनपेक्षा जास्त.
धक्क्यापाशी आल्यावर त्यांनी आवाज चढवला
आणि घामानं निथळत, हसत,
शेजाऱ्याच्या खांद्यावर थाप मारत नाचत राहिले.
अकरा वर्षं त्या हॉलमध्ये
एकट्या मलाच ठाऊक नव्हतं.

ग्लॅडविन माझ्याकडे बघत होता.
रागानं नाही. कसं ते मला सांगता येणार नाही.

रात्री घरी आलो.
दारात चपला काढल्या. जोडीनं बसल्या, सरळ.
थोडा वेळ तसाच उभा राहिलो.
मग पायानंच एक तिरकी केली
आणि आत गेलो.